अब्रॉड आणि आतली कडी

मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा कुठली चूक खोडली असेल तर ती 'इन अब्रॉड'. देवळाली प्रवरातल्या एका हायस्कुलात मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवायचे. निबंध कुठलाही द्या, माझा आवडता नातेवाईक द्या नाहीतर माझं स्वप्न द्या, फिरून फिरून भोपळे चौकात तसा कुणाचा तरी मामा 'इन अब्रॉड' असायचाच. मी खडू आपटून सांगायचे, "अरे बाबांनो, अब्रॉडला काही चिकटत नाही! ना 'इन', ना 'टू', ना 'ॲट'. तो शब्द सडाफटिंग आहे. एकटा येतो, एकटा जातो." पोरं हसायची, मान डोलवायची आणि पुढच्या निबंधात मामाला पुन्हा 'इन अब्रॉड' नेऊन बसवायची.

पोरांचा तरी काय दोष म्हणा. आपण मराठी माणसं कुठल्याही शब्दाला 'ला' लावल्याशिवाय सोडतच नाही. नगरला, शिर्डीला, बाजाराला, तसं अब्रॉडला. माणूस कुठं गेलाय ते बोट ठेवून सांगता यायला हवं, नाहीतर आपल्याला चैन पडत नाही. आणि हा इंग्रजी शब्द तर बोट ठेवूच देत नाही. तो फक्त एवढंच सांगतो, की माणूस इथं नाही.

हे मी वर्गात तोऱ्यात सांगत असे. मग एके वर्षी माझ्याच घरातलं माणूस अब्रॉड गेलं.

आमचे हे साखर कारखान्यात पॅनमन होते. पॅनमन म्हणजे उसाचा रस आटवून त्यात साखरेचा दाणा धरवणारा माणूस. दुसरीकडचे लोक कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला जातात. आमच्या ऊसपट्ट्यातून पॅनमन, फिटर, केमिस्ट आफ्रिकेत जातात, कारण तिथंही ऊस आहे आणि तिथंही कारखान्यांना माणसं लागतात. ह्यांच्या ओळखीचा एक केमिस्ट आधीच युगांडात होता. त्यानं बोलावलं आणि हे जायला तयार झाले. घरात उरलो आम्ही दोघी, मी आणि सासूबाई. आम्हाला मूलबाळ नाही. तो विषय वेगळा आहे, तो इथं नको.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या शेतकऱ्याच्या घरात जन्मल्या आणि शेतकऱ्याच्याच घरात आल्या. अंगठ्याएवढी उंची, पण आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या वाडीतलं कुत्रं कान टवकारायचं. माझ्या शिक्षणाचा त्यांना अभिमान होता आणि रागही होता. कुणी आलं की "आमची सून इंग्रजी शिकवती" असं सांगायच्या, आणि पाहुणा गेला की मला म्हणायच्या, "इंग्रजी येतंय, पर कालवनात मीठ न्हाई."

हे निघाले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. ह्यांनी उंबऱ्यावर उभं राहून "येतो" म्हटलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली आणि मी सवयीनं केरसुणी उचलली. सासूबाईंनी ती माझ्या हातातून ओढूनच घेतली. "डोस्कं ठिकानावर हाय का तुजं? मानूस पोचल्याबिगर केर काढत्यात व्हय?" मला ठाऊक होतं. माणूस घरातून गेलं की मागोमाग केर कधी काढतात, तेही ठाऊक होतं. पण आत्तापर्यंत माणूस गेलं म्हणजे पुण्याला नाहीतर बेलापूरला, माझ्या माहेरी. संध्याकाळपर्यंत पोचल्याचा फोन यायचा. युगांडाला पोचल्याचा फोन यायला दोन दिवस लागले आणि तोवर घरात पाय टाकवत नव्हता.

खरी लढाई मात्र त्याच दिवशी जेवणं झाल्यावर सुरू झाली.

आमच्याकडे एक रीत होती. झोपायच्या आधी सासूबाई दाराशी उभ्या राहून विचारायच्या, "समदे आले का घरात?" मी स्वयंपाकघरातून "आले" म्हटलं की त्या पुढच्या दाराची आतली कडी लावायच्या. हे कामावर असले तर कडी लागायची नाही. घरचं माणूस बाहेर असताना आतून कडी घालायची नसते. त्याला दार बंद दिसू नये. मग हे पाळी संपवून आले की पायरीवर चपला दोनदा आपटायचे. चपलेत चिपाडाचा भुसा अडकलेला असायचा, तो झटकायची ती सवय. ठप ठप. तो आवाज ऐकला की सासूबाई, चुलीशी असोत की अंथरुणात, म्हणायच्या, "आला गं!" मग त्या भाकरी टाकायच्या, लेक जेवायचा आणि शेवटी कडी लागायची. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच पाहत होते.

तर हे गेले त्या दिवशी मी कडी लावायला गेले आणि मागून आवाज आला, "ऱ्हाऊ दे. त्यो बाहेर हाय."

"अहो आत्याबाई, ते बाहेर म्हणजे अंगणात नाहीत. परदेशात आहेत. अब्रॉड!"

"मी तरी काय म्हनतीय? बाहेरच हाय न्हवं?"

"मग ते काय आज चालत येणार आहेत का युगांडाहून?"

"कसं बी येऊ दे. चालत येऊ दे न्हाई तर उडत येऊ दे. माजं पोर उंबऱ्याच्या आत आलं की मी माज्या हातानं कडी लावीन. तवर न्हाई."

मी कपाळावर हात मारला. दोन बायका घरात, पुढचं दार नुसतं लोटलेलं. त्या झोपल्या की मी गुपचूप कडी लावायचे आणि सकाळी उठून पाहावं तर कडी काढलेली. कधी उठायच्या, कसं कळायचं, देव जाणे. एकदा कुत्रं आत शिरून भाकरीची टोपली उलथून गेलं. मी थयथयाट केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "भुकेलं आसंल. त्याच्या बी घरचं कोन बाहेर आसंल." शेवटी मी दारामागं पितळी हंडा ठेवायला लागले, कुणी दार ढकललं तर आवाज तरी व्हावा. एवढं इंग्रजी शिकून मी शेवटी हंड्यावर विसंबून झोपत होते.

गावात 'अब्रॉड'ची वेगळीच गंमत. लग्नकार्यात बायका विचारायच्या, "मिस्टर कुठं असतात?" मी म्हणायचे, "अब्रॉड." त्यांचे डोळे मोठे व्हायचे. "अय्या! अमेरिका का?" "नाही, युगांडा." की लगेच, "हां, आफ्रिका व्हय!" आणि नजर माझ्यावरून उडून जिलबीच्या ताटावर. एकीनं तर तोंडावर सांगितलं, "त्याला काय अब्रॉड म्हनायचं बाई? तिथं बी ऊस आन हितं बी ऊस." मला असा संताप आला! समुद्र ओलांडावा लागतो, पासपोर्ट लागतो, माणूस दोन-दोन वर्षं डोळ्याला दिसत नाही, आणि ही बया म्हणते ते अब्रॉड नव्हे. म्हणजे हिच्या मते अब्रॉड किती लांब ते मैलांवर ठरत नाही, तिथल्या लोकांच्या कातडीवर ठरतं. मी तसं बोलूनही दाखवलं. ती जिलबी घेऊन पलीकडच्या पंगतीला गेली.

आणि 'बाहेर' हा शब्द तर विचारूच नका. आपल्याकडे बाहेरचं लागतं ते भूत. बाहेर बसते ती विटाळशी बाई. बाहेर भानगड असते ती नवऱ्याची. शेजारीण डोळा मिचकावून विचारायची, "मास्तरीणबाई, मालक बाहेर असत्यात ते ठीक, पन बाहेरचं काही न्हाई ना?" मी म्हणायचे, "असलं तर तुलाच आधी कळेल, तुझं नाक लांब आहे." ती खो खो हसायची. मीही हसायचे, आणि घरी येऊन ह्यांचा शेवटचा फोन कधी आला होता ते मोजायचे.

मग एकदा वर्गात एक धडा चालला होता. शेतकऱ्याची साधी गोष्ट. त्यात वाक्य होतं, की म्हातारा उजाडायच्या आधीच 'अब्रॉड' होता. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "बाई, सकाळी सकाळी म्हातारा परदेशात कसा गेला?" सगळा वर्ग फिस्सकन हसला. मीही अडखळले. पुस्तकात छापताना काही गफलत झाली असेल असं वाटलं. मधल्या सुट्टीत लायब्ररीतली जाडी डिक्शनरी काढली. त्यात लिहिलं होतं, की ह्या शब्दाचा जुना अर्थ घराबाहेर, उघड्यावर. उंबरा ओलांडून माणूस अंगणात उभा राहिला तरी तो अब्रॉड. समुद्राबिमुद्राचं नंतर आलं.

मला आधी रागच आला. म्हणजे सासूबाईंचं इंग्रजी माझ्यापेक्षा जुनं निघालं! घरी जाऊन त्यांना हे सांगायचं नाही असं मी ठरवलं, कारण मग त्यांनी मला जगू दिलं नसतं. पण त्या दिवसापासून कडीवरून भांडणं मी सोडून दिलं. हंडा मात्र ठेवत राहिले.

हे दर वर्षा-दोन वर्षांनी सुट्टीवर यायचे. आले त्या दिवशी सासूबाई त्यांना हुलग्याची शेंगोळी करून घालायच्या. लसणाचा ठेचा लावलेली, रस्सा घट्ट. हे नाक पुसत पुसत खायचे आणि म्हणायचे, "आई, हे तिकडं मिळत नाही गं." जेवणं झाली की त्या दाराशी जायच्या, "समदे आले का घरात?" मी म्हणायचे, "आले." आणि त्या अशा झोकात कडी लावायच्या की जणू किल्ला राखलाय. सुट्टी संपली की कडी पुन्हा तशीच लोंबत राहायची.

शिर्डीला विमानतळ झाला तेव्हा तर त्यांना वाटलं, आता काय, पोरगं शिर्डीला उतरंल आणि शेअर रिक्षानं घरला येईल. आकाशात विमानाचा आवाज झाला की हातातलं काम टाकून दाराशी. "गेलं बग इमान. उतरला आसंल." तासभर वाट बघायची आणि मग म्हणायचं, "आज नसंल सुट्टी." मी किती वेळा समजावलं, की ते विमान हैदराबादचं असेल, दिल्लीचं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं, "इमान हाय न्हवं? मंग झालं तर."

पुढं कोरोना आला. विमानं बंद झाली आणि आकाश गप्प झालं. एकदाची ती चालू झाली तर तिकडं माणसं कमी पडत होती, ह्यांना सुट्टी मिळेना. वर्षामागून वर्ष गेलं. फोनवर तोंड दिसायचं, पण सासूबाईंचा त्या तोंडावर विश्वास नव्हता. "त्यो मोबाईलात हाय. घरात कुटं हाय?" सुरुवातीला त्या फोनवर एकच विचारायच्या, "कवा येतूस रं?" मग कधीतरी विचारायला लागल्या, "कोन बोलतंय?" मी म्हटलं, म्हातारपण, कान गेले असतील. मग त्या दुधाचं पातेलं तुळशीपाशी ठेवून आल्या. मला त्यांच्या मेलेल्या जावेच्या नावानं हाक मारली. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, की विसरायचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल, आत्ताचं आधी जाईल आणि जुनं शेवटपर्यंत राहील.

मी ह्यांना सांगितलं, "आता या. साखर तिकडं त्यांची ते करतील. तुमच्या आईच्या डोक्यातून तुम्ही पुसले जायच्या आत या." हे म्हणाले, "चालू सीझन संपला की कायमचा येतो." आणि आले.

किती तयारी केली होती मी! शेंगोळी केली. सासूबाईंना इरकली लुगडं नेसवलं. रोज सांगत होते, "आत्याबाई, तुमचा मुलगा येणार." त्या लहान पोरीसारख्या टाळी वाजवायच्या. मुंबईहून गाडी आली, गल्लीतली माणसं जमली, सामान उतरलं. हे आत आले आणि आईच्या पायाशी वाकले. ह्यांचे केस पांढरे झालेले, चष्मा लागलेला, मिशी काढलेली. सासूबाईंनी डोईवरचा पदर पुढं ओढून घेतला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. बसा पाव्हनं. कुन्या गावचं तुमी?"

हे वाकलेले तसेच राहिले.

मी पुढं होऊन म्हटलं, "आत्याबाई, अहो हा तुमचा मुलगा!" त्या माझ्यावर डाफरल्या, "काय बोलतीस? परक्या मानसाला लाज वाटंल." आणि ह्यांच्याकडं वळून अगदी मायेनं, "मनावर घिऊ नगा. आमची सून शाळेत शिकवती, डोस्कं फिरतं कवा कवा."

जेवायला बसलो तर शेंगोळीच्या पातेल्यावर त्यांनी झाकण घातलं. "पाव्हन्याला ही वाढतीस व्हय? शिरा कर, भजी कर. शेंगोळी माज्या पोराला लई आवडती. त्यो आला की खाईल." ह्यांनी निमूटपणे शिरा खाल्ला. मी त्यांच्या ताटाकडं बघू शकत नव्हते. आणि रात्री कडी लावायला गेले तर त्यांचं तेच, "ऱ्हाऊ दे. माजा लेक बाहेर हाय." लेक समोरच्या पलंगावर बसून ऐकत होता.

वाटलं, दोन-चार दिवसांत ओळखतील. पण कुठलं काय! ह्यांनी लहानपणीच्या गोष्टी सांगून पाहिल्या. विहिरीत पडलो होतो, तू लुगडं सोडून मला वर काढलंस, आठवतंय का? त्या कौतुकानं ऐकायच्या आणि म्हणायच्या, "आगं बाई! आमच्या पोराचं बी आसंच झाल्तं." ह्यांनी मिशी पुन्हा वाढवली, ती पांढरी आली. सासूबाई म्हणाल्या, "पाव्हन्यांना मिशी शोभती." आपल्या पोटच्या पोराला त्या 'तुमी' म्हणायच्या, 'अहो' म्हणायच्या, समोर आला की उठून उभ्या राहायच्या, डोईवर पदर घ्यायच्या. मानपानात कुठं कसूर नाही. तो मानच ह्यांना खात होता.

एक दिवस गच्चीवर कपडे वाळत घालताना हे मला म्हणाले, "मला काही नको. तिनं मला एकदा 'अरे' म्हणावं, बस." एवढा मोठा माणूस, कारखान्यात सगळ्यांवर ओरडणारा. आईचं ओलं लुगडं हातात धरून रडला. मी म्हटलं, "तुम्हाला मी 'अरे' म्हणू का?" आणि दोघंही रडता रडता हसलो. मनातून मात्र मी फार भ्याले होते. सासूबाई दिवसेंदिवस थकत होत्या. घास गिळायला वेळ लागत होता. त्या वाट बघत बघतच जाणार आणि लेक शेजारी बसलेला असणार, असं मला दिसायला लागलं होतं. असं मरण कुणाच्या वाट्याला येऊ नये, मरणाऱ्याच्याही नाही आणि राहणाऱ्याच्याही नाही.

मग ती संध्याकाळ आली. दिवेलागण झाली होती. मी खिडकीशी बसून मेथी निवडत होते. हे दाराजवळ खुर्ची टाकून बसले होते, नुसतेच. सासूबाई भिंतीला धरून धरून बाहेरच्या खोलीत आल्या. पदर सावरला आणि ह्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"पाव्हनं, एक इचारू का? राग नका मानू."

"विचारा की," हे म्हणाले. तेही आता आईला 'तुम्ही' म्हणायला लागले होते. नाहीतर त्या बावरायच्या.

"तुमाला आई हाय का?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "आहे."

"मंग हितं काय करताय बाबा? लई दिस झालं तुमाला येऊन. आमाला काय जड न्हाई, चार घास जास्तीचं. पर ती बी माज्यावानीच कडी उगडी ठिवून बसली आसंल. आईच्या जीवाला लई घोर लागतो. जावा घरला."

मेथीची जुडी माझ्या हातातून सुटली. हे उठले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, ओरडतील, तिला धरून हलवतील. काही नाही. हात जोडून म्हणाले, "बरं. येतो मी." पायात चपला सरकवल्या आणि बाहेर पडले. सासूबाई उंबऱ्यापर्यंत गेल्या, म्हणाल्या, "सावकाश जावा," आणि येऊन पलंगावर बसल्या.

मी खिडकीतून पाहिलं. हे फाटकाबाहेर शेवग्याच्या झाडाखाली उभे होते. घरापासून दहा पावलांवरही नसतील. पाठ आमच्याकडं. गल्लीतून दुधाची मोटारसायकल गेली, पोरं सायकली दामटत गेली, हे हलले नाहीत. मी विचार केला, जाऊ दे, चौकात जाऊन येतील, मन हलकं होईल. पण त्या वेळी मला ती जाडी डिक्शनरी आठवली. उंबरा ओलांडून माणूस अंगणात आला तरी अब्रॉड. मी मनात म्हटलं, आता तरी या हो परत. इतक्या लांबून आलात, हे एवढं अंतर राहिलंय.

थोड्या वेळानं ते वळले. डोळे पुसले, फाटक आत ढकललं आणि पायरीशी आले. आणि काय झालं असेल ते असो, कंटाळा असेल, नाहीतर इथला कारखाना सुटल्यापासून विसरलेली अंगातली जुनी सवय, त्यांनी पायातली चप्पल काढून पायरीवर आपटली. ठप ठप.

सासूबाईंनी मान वर केली.

"आला गं!"

हे दारात उभे. त्यांनाही काय घडलं ते कळलं असावं, कारण त्यांचा हात चौकटीवर तसाच राहिला. सासूबाई डोळे बारीक करून बघत होत्या. डोईवर पदर घेतला नाही. उठून उभ्या राहिल्या नाहीत.

"आलास व्हय रं? किती उशीर? ते काय म्हनतात त्ये, पाळी सुटली न्हाई का येळंवर?"

"नाही सुटली, आई," हे म्हणाले. "उशीर झाला. लई उशीर झाला."

"बरं बरं. हात-पाय धू. शेंगोळी ठिवलीय झाकून." शेंगोळी त्या दिवशी नव्हतीच. मी डोळ्यांनी ह्यांना खुणावलं, करते, आत्ता करते.

सासूबाई पलंगावरून उतरल्या. आधाराला मी पुढं झाले तर माझा हात झटकला. दाराशी गेल्या. "समदे आले का घरात?"

"आले, आत्याबाई," मी म्हटलं. "सगळे आले."

त्यांनी दार लोटलं. तिन्हीसांजेला दार लावायचं नसतं, लक्ष्मी परत जाते, हे मला जन्मभर ऐकवणारी ही बाई, दिवेलागणीला दार लावत होती. इतक्या वर्षांत कडी गंजली होती. पोचत नव्हती, सरकत नव्हती. हे मदतीला पुढं झाले आणि थांबले. त्यांना आठवलं असेल, मी फोनवर सांगितलेलं तिचं बोलणं, माझ्या हातानंच कडी लावीन म्हणून. सासूबाई टाचा उंच करून, दोन्ही हातांनी, ओठ दातात धरून जोर लावत होत्या. शेवटी ती कर्रकन बसली. त्यांनी हात पदराला पुसले.

मग ह्यांच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुजी आन त्यांची चुकामूक झाली बग," त्या म्हणाल्या. "आत्ताच गेलं ते पाव्हनं. लई भलं मानूस. तोंडातून शबूद न्हाई. त्याच्या आईचा जीव टांगनीला लागला आसंल." मग त्यांनी विचारलं, "पोचलं आसंल का रं घरला?"

"पोचलं, आई," हे म्हणाले.